कांदा घालू का?

रंकाळ्यावर सूर्य बुडतो तेव्हा
अजूनही माझा जबडा आपोआप मिटतो.
बारा वर्षांची सवय. दिवस कलला की तोंडाला कुलूप,
किल्ली उद्या, तीही एकदाच.

भेळवाल्यानं विचारलं, "ताई, कांदा घालू का?"
चमचा डब्यावर टकटक वाजवत,
माझ्यामागे चार गिऱ्हाइकं.
मला उत्तर येईना.
बारा वर्षांत तुला काय हवं
असं कुणी विचारलंच नव्हतं.
म्हटलं, "थोडा."
आणि खोलीवर येऊन रात्रभर
स्वतःच्या बोटांचा वास घेत बसले.

रुकडीच्या आदगोंडा मगदुमांची थोरली मी, वैजयंता.
एकोणिसाव्या वर्षी हत्तीवरून मिरवणूक निघाली,
बँजोपुढं पोरं नाचली, नाव बदललं.
केस उपटताना राख लावतात, पकड बसावी म्हणून.
मला रडू आलं नाही.
समोर दोन हजार माणसं जयजयकार करत होती.
एवढ्या आवाजात आपलं दुखतंय का
हे आपल्यालाही ऐकू येत नाही.

दोन वर्षांनी विहार गावात आला.
आई दारात, नुकती न्हालेली, हातात कलश.
"वंदामि माताजी," म्हणाली.
माझं नाव तिच्या ओठांत येता येता राहिलं,
मी पाहिलं.
ओंजळीत तिनं भात वाढला.
तिसऱ्या घासाला केस निघाला,
तिचाच, पांढरा.
केस म्हणजे अंतराय. ओंजळ सोडली, उठले.
त्या दिवशी मी उपाशी.
आई आठ दिवस.

का सोडलं, विचारतात.
लोकांना एखादा गुन्हा हवा असतो,
निदान एखादा पुरुष.
तसलं काही नव्हतं.
इचलकरंजीच्या रस्त्यावर, पहाटे,
उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला
आणि कोण चालवतंय ते बघायला मी मान वर केली.
तेव्हा कळलं,
पायापुढच्या चार हात जमिनीपलीकडं
मी काही पाहिलेलंच नाही.

पिंछी परत केली.
मोठ्या माताजींनी मोरपिसं सारखी केली,
बराच वेळ केली,
मग म्हणाल्या, "चप्पल घाल बाई आता. ऊन आहे."

चप्पल लाईनीत तासभर फिरले. जिकडं तिकडं कातडं.
शेवटी रबरी घेतली, निळी, एकशेवीसची.
टाचा अशा झालेल्या,
की माझा पायच चपलेला बोचला असेल.
लक्ष्मीपुरीतल्या ज्या शेटजींनी
हे पाय एकदा दुधानं धुतले होते,
ते सुट्टे मोजताना वर बघत नाहीत.
गूळ मात्र चांगला देतात.

केस कानाखाली आलेत.
भांग कुठून पाडायचा, विसरून गेलेय.
हॉस्टेलातली चंदगडची पोरगी पाडून देते.
तिची बोटं टाळूला लागली
की डोळे गच्च मिटतात. अजून.

नळाला फडकं बांधते मी.
मुंग्यांची रांग दिसली की थांबते.
हे त्यांचं राहिलंय की माझंच आहे,
ठरवत नाही.

काल रात्री साडेनऊला आईचा फोन.
आधी नुसता श्वास. मागं कुणीतरी भांडी लावत होतं.
मग, "वैजू... जेवलीस?"
रात्री साडेनऊला.
आमच्या घरातून हा प्रश्न.

पुढ्यात भात होता. त्यात एक केस,
माझाच, काळा, बोटभर लांब.
बाजूला काढून ठेवला
आणि म्हटलं, "जेवतेय."
तिनं फोन ठेवला नाही.